अमावस्येला बंद

जुन्नरला माझा कंप्युटर क्लास आहे आणि क्लासच्या मागच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल आहे. गेली सोळा वर्षं माणसं त्या टेबलावर आपापली यंत्रं आणून ठेवतात आणि मी ती बंद करून पुन्हा चालू करतो. दहातली आठ तेवढ्यानंच सुधारतात. हे साधं काम घरच्या घरी करायचं डोकं लोकांना का नसतं, हे मला अजून कळलेलं नाही. कळंबचा एक गृहस्थ मागं आख्खा सीपीयू पोत्यात बांधून एसटीनं घेऊन आला होता. स्टँडवरून क्लासपर्यंत डोक्यावर. मी वायर लावली, बटण दाबलं, यंत्र चालू झालं. विचारलं, घरी शेवटचा बंद कधी केला होता? तर म्हणाला, बंद करायचा असतो व्हय?

अशा माणसांत माझा दिवस जातो. मी जरा तुसडा झालोय असं बायको म्हणते. जरा म्हणते हे तिचे उपकार.

आमचे दाजी मात्र या पोतंवाल्यांतले नाहीत, आणि खरं दुखणं तेच आहे. बाळासाहेब माझ्या थोरल्या बहिणीचे, मोहिनीताईचे, यजमान. डिंगोऱ्याला कांदा आणि टोमॅटो करतात. नववीत शाळा सोडलेला माणूस. कधी आवाज चढवत नाहीत, कुणाशी वाद घालत नाहीत, हळू बोलतात आणि बहुतेक वेळा बरोबर बोलतात. मला याचा पहिल्यापासून राग आहे. मी डिप्लोमा केलेला, गावात लोक मला सर म्हणतात, आणि ताईच्या घरी गेलो की हा माणूस सावकाश सुपारी कातरत एखादं वाक्य बोलतो आणि सगळी बैठक माझ्याऐवजी त्याच्याकडं बघायला लागते.

त्यांच्या घरी अमावस्येला औत धरत नाहीत. ही चाल आमच्या भागात जुनीच. महिन्यातून तो एक दिवस बैलांचा. दाजींनी बैल विकून आठ वर्षं झाली. बैल गेले, अमावस्या राहिली. त्या दिवशी ते ट्रॅक्टर काढत नाहीत. शेजारच्या शेतात रोटर फिरत असतो आणि यांचा ट्रॅक्टर बॉनेटला हळदीकुंकू लावून पडवीत उभा. मी कितीदा तरी त्यावरून चेष्टा केली. ते ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात.

भाची जया बारावी झाली तेव्हा मी तिला क्लासमधला एक डेस्कटॉप दिला. तसा तो जुना, पण मी स्वतः नव्या पार्टांनी भरलेला. पहिल्याच अमावस्येला दाजींनी विचारलं, याला पण एक दिस सुटी नको का? जयानं रीतसर शटडाउन केलं, त्यांनी भिंतीतली पिन काढली, कोरड्या फडक्यानं धूळ पुसली आणि ताईनं कॅबिनेटला कुंकवाची दोन बोटं लावली. पुढं दर महिन्याला तेच. हे मला कळलं तेव्हा मी क्लासच्या पोरांना आठवडाभर सांगून हसवलं.

एक गोष्ट मी त्या पोरांना सांगितली नाही. तो कंप्युटर चार वर्षांत एकदाही माझ्या टेबलावर आला नाही.

गेल्या चंपाषष्ठीला मी डिंगोऱ्याला जेवायला गेलो होतो. तळी उचलून झाली, वांग्याच्या भरिताच्या पंगती बसल्या. दाजींच्या पलीकडं त्यांचा शेजारी हौशीराम होता. त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. हौशीरामनं विषय काढला की पोराचा लॅपटॉप रोज अडकतो, काय करावं समजत नाही. मी घास गिळून बोलणार, तेवढ्यात दाजी बोलले.

"आमी तर अमावस्येला पुरता बंद ठिवतो," ते म्हणाले. "यंत्र असू दे नायतर बैल, महिन्यातनं एक दिस त्याला मोकळा सोडला पायजे. दुसऱ्या दिशी चालू केला का लई हलका पळतो."

पंगतीत सगळे माना डोलवायला लागले. हौशीराम तर असा ऐकत होता की विचारू नका. मग त्याला माझी आठवण झाली. म्हणाला, सर, तुमी बोला की, तुमचाच धंदा हाय.

इथं मला सरळ सांगितलं पाहिजे. दाजी बरोबर होते. बैलाचं कारण चुकीचं होतं, पण काम बरोबर होतं. कंप्युटर पुरता बंद झाला की मेमरी रिकामी होते, साचलेली अपडेट थोडी थोडी बसून जातात, अडकलेलं सुटतं. महिन्यातून एकदा हेसुद्धा कमीच. मी माझ्या क्लासातली सगळी यंत्रं रोज संध्याकाळी सातला शटडाउन करतो आणि पहिल्या दिवशी पोरांना शिकवतो तेही तेच. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की दाजी म्हणतात ते ठीक आहे. पाच शब्द. ते माझ्या तोंडातून निघेनात.

त्याऐवजी मी हसलो. विचारलं, "मग दाजी, पोळ्याला त्याची शिंगं कुठली रंगवता?"

पंगत खदखदली. हौशीराम हसला, वाढणाऱ्या बायका हसल्या, जयाही हसली. हसू मिळालं की माझी जीभ सुटते. मी भाषणच ठोकलं. म्हटलं, मोठमोठ्या कंपन्यांचे कंप्युटर वर्षानुवर्षं बंद होत नाहीत. म्हटलं, दर वेळी चालू करताना आतले पार्ट गरम होतात, बंद करताना गार होतात, त्यानं त्यांचं आयुष्य कमी होतं. विहिरीवरची मोटार चालू होताना किती जोर ओढते ते तुम्हाला माहीत नाही का, असंही विचारलं, कारण मोटारीचं नाव काढलं की शेतकऱ्याला पटतं. यातलं एकेक वाक्य कुठंतरी खरं असेल, पण घरच्या कंप्युटरला ते लागू नव्हतं आणि हे मला बोलतानाही माहीत होतं. शेवटी जयाकडं वळून म्हणालो की आजपासून हा बंद करायचा नाही. पडदा आपोआप काळा झाला की झोपला समजायचं. चोवीस तास चालू.

दाजी सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, तुमी शिकल्यालं, तुमाला ठावं. आणि भाकरीचा तुकडा मोडून भरीत खायला लागले. मला फार बरं वाटलं. परतताना मी गाडीवर गाणं गुणगुणत होतो हेही आठवतं.

पुढची अमावस्या आली आणि गेली. ट्रॅक्टर पडवीत राहिला, कंप्युटर चालू राहिला. नंतर एकदा जयाचा फोन आला की कोपऱ्यात रीस्टार्ट करा असं येतंय. मी म्हटलं, नंतर म्हणून दाब. संक्रांतीनंतर ताईकडं गेलो तेव्हा ती सूचना पुन्हा आलेली होती. मी स्वतः बसून अपडेट पाच आठवडे पुढं ढकलली. नंतर पुन्हा एकदा ढकलायला फोनवरून सांगितलं. यंत्र जड झालंय, पान उघडायला वेळ लागतो असं जया म्हणाली, तर मी नेटवर ढकललं. टेबलावर आलेल्या गिऱ्हाइकानं हेच सांगितलं असतं तर मी त्याची अक्कल काढली असती.

या सगळ्यात जयाचं काय चाललं होतं ते सांगतो, कारण गोष्ट खरी तिची आहे. बी.एस्सी. झाल्यावर तिनं दोन सरकारी परीक्षा दिल्या, त्यातली एक तर दोनच मार्कांनी हुकली. मग पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात तिला सापडली. विम्याची कागदपत्रं घरी बसून तपासायची, पगार महिन्याच्या महिन्याला, पुण्याला राहायला जायची गरज नाही. जयाला हेच हवं होतं. तिला डिंगोरे सोडायचं नव्हतं आणि कुणाच्या जिवावर बसायचंही नव्हतं. आठ महिने ती त्यासाठी टायपिंग आणि इंग्रजी घासत होती. दोन फेऱ्या पार झाल्या. तिसरी, शेवटची, मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी दहाला, घरून, कॅमेऱ्यासमोर. मोबाइल चालणार नाही. सव्वादहापर्यंत आत गेलं नाही तर नाव रद्द, आणि त्या वर्षी पुन्हा संधी नाही.

तिनं मला आदल्या आठवड्यात विचारलं होतं की मामा, क्लासात येऊन देऊ का? माझी सकाळची बॅच भरलेली होती. एक दिवस बॅच मोडता आली असती. मी म्हटलं, कशाला, तुझा कंप्युटर चोवीस तास तयार असतो.

मंगळवारी साडेनवाला तिचा फोन आला. परीक्षेचं सॉफ्टवेअर कॅमेरा नाही म्हणत होतं. गेल्या आठवड्यात दिसत होता, आज दिसत नाही. आवाजात घाई होती पण रडकी नव्हती, ती पोर रडकी नाहीच. माझ्यासमोर बॅच बसलेली. मी विचार न करता बोललो, जे सोळा वर्षं बोलतोय ते.

"रीस्टार्ट मार."

"तुमी बंद करायचा नाही म्हणाला होता."

"बंद नको, रीस्टार्ट म्हणतोय. दोन मिनिटांचं काम आहे."

तिनं केलं. साडेतीन महिन्यांचं साचलेलं सगळं त्याच क्षणाची वाट बघत होतं. चार मिनिटांनी पुन्हा फोन. पडदा निळा झालाय, ठिपके गोल फिरतायत, अपडेटचं काम चालू आहे, कंप्युटर बंद करू नका असं लिहिलंय, नऊ टक्के झालंय. मी म्हटलं, होईल. पावणेदहाला चौदा टक्के. मी म्हटलं, होईल, सुरुवातीला हळू जातं.

तेव्हाच लॅपटॉप उचलून निघायला हवं होतं. जुन्नरपासून डिंगोरे अर्ध्या तासाचा रस्ता. पण निघणं म्हणजे चूक मान्य करणं, आणि फोनमधून मागं दाजींचा आवाज ऐकू येत होता. ते ताईला काहीतरी हळू सांगत होते. त्या आवाजासमोर मला हरायचं नव्हतं. पाच मिनिटं मी पोरांना एक्सेल शिकवत उभा राहिलो. पाच मिनिटं. त्या वेळात मी शिकवलेलं एकालाही आठवत नसेल, मलाही आठवत नाही.

नऊ पन्नासला निघालो. वाटेत कांद्याच्या ट्रॉल्या, एकीमागं एक, आणि प्रत्येक ट्रॉलीवाला रस्त्याच्या मधोमध. मी सगळ्यांना शिव्या दिल्या. खिशात फोन वाजत होता, थांबून बघायची सोय नव्हती. हौशीरामच्या घरी लॅपटॉप आहे असं मध्येच डोक्यात आलं आणि लगेच आठवलं की तो पोराबरोबर पुण्याला असतो. गावात दुसऱ्या कुणाकडं कॅमेऱ्याचा कंप्युटर नव्हता. मी दिलेला तेवढाच.

पोहोचलो तेव्हा दहा बावीस झाले होते. दार उघडंच होतं. जया खुर्चीत बसलेली, केस विंचरून, इस्त्रीचा कुर्ता घालून, ओळखपत्र समोर ठेवून. कॅमेऱ्यात मागची भिंत नीट दिसावी म्हणून ताईनं तिथलं कॅलेंडर काढून ठेवलं होतं. पडद्यावर एकसष्ट टक्के. दाजी पलंगाच्या काठावर बसलेले. त्यांच्या हातात सुपारी नव्हती, अडकित्ता नव्हता, काही नव्हतं.

मी लॅपटॉप उघडायला लागलो. जया म्हणाली, राहू द्या मामा. तिनं मोबाइल पुढं केला. कंपनीचा मेल दहा सोळाला आला होता. आपण वेळेत हजर न राहिल्यामुळे आपली उमेदवारी रद्द करण्यात येत आहे. खाली शुभेच्छाही होत्या. मी म्हटलं, आपण त्यांना फोन करू, लाइट गेली होती म्हणून सांगू. ती म्हणाली, फोन केला. त्यांनी खरं कारण विचारलं, ते सांगितलं. ते म्हणाले, कंप्युटर तयार ठेवणं उमेदवाराचं काम आहे.

ताईनं मला पाणी आणून दिलं. मला वाटत होतं कुणीतरी बोलावं, ताईनं तरी, लहानपणी रागवायची तसं. त्या घरात कुणी मला नावं ठेवत नव्हतं आणि त्यानं मला आणखी लाज वाटत होती. मग मीच सुरू झालो. म्हटलं, या कंपन्या हरामखोर असतात. म्हटलं, अपडेट पाठवणाऱ्यांना अक्कल नसते, गरिबाच्या वेळेची किंमत नसते. बराच वेळ बोललो. पडद्यावर चौऱ्याऐंशी टक्के झाले. जया पडद्याकडं बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "क्लासातले कंप्युटर तुमी रोज बंद करता का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. बोलायचं मनातही आलं. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती आणि तिला उत्तर माहीत असावं. तिच्या मैत्रिणी माझ्या क्लासात शिकून गेल्यात.

"रोज," मी म्हटलं. "संध्याकाळी सातला. सगळे."

"मग आमाला असं का सांगितलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं ती विचारत होती. ताई पदर हातात धरून दारात उभी होती, तीही उत्तराची वाट बघत होती. कुठल्याही पुस्तकातलं कारण इथं चालणार नव्हतं. मी दाजींकडं बघितलं नाही, जयाकडंही नाही, कीबोर्डकडं बघत बोललो.

"कारण दाजी बरोबर बोलत होते. सगळे त्यांचं ऐकत होते. मला ते सहन झालं नाही."

माणसांच्या मूर्खपणावर मी आयुष्यभर हसत आलोय. पोत्यात सीपीयू बांधून आणणाऱ्या त्या गृहस्थाला काही येत नव्हतं म्हणून तो चुकला. मला सगळं येत होतं. तरी मी भाचीच्या आठ महिन्यांवर एका पंगतीतलं हसू मिळवलं. त्या खोलीत बसून मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी कुठल्याही गिऱ्हाइकाची कधी आली नव्हती.

जया उठली. ओळखपत्र कपाटात ठेवलं, ओढणी काढून दोरीवर टाकली आणि आत जाऊन आईनं अर्धवट टाकलेलं पीठ मळायला घेतलं. ताई तिच्या मागं गेली. बाहेरच्या खोलीत मी आणि दाजी राहिलो. कंप्युटर एकदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि पावणेअकराला नेहमीचा पडदा आला. कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चिन्ह नीट दिसत होतं. मी उघडून बघितलं, कॅमेरा चालू होता, त्यात माझंच तोंड दिसलं. मी तो बंद केला.

निघायला उठलो तर दाजी म्हणाले, बसा, जेवूनच जावा. मी म्हटलं, दाजी, तुम्ही मला काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर.

त्यांनी पडद्याकडं बघितलं. बोलले ते नेहमीच्याच आवाजात, हळू.

"काल सांजच्याला माझ्या मनात आलं व्हतं," ते म्हणाले. "म्हटलं, उद्या पोरीची परीक्षा, आज येकदा बंद करून चालू करून ठिवावा. जयाला हाक पण मारली. ती आली, मला इचारलं, काय बाबा. मी म्हटलं, काय नाय."

"का नाही बोललात?"

"ती तुमाला फोन करून इचारल, आन तुमी हसाल, असं वाटलं."

मी परत खाली बसलो. जयानं सोमवारी संध्याकाळी तसा फोन केला असता तर मी हसलोच असतो.